मधुकररावांचं बिनविषारी अंगण

"अवो दामिनीचे बाबा, हे आंगन हाये का झुडपी जंगल?" सुलोचनाबाईंनी सकाळच्या चहाबरोबरच विषय काढला. "रविवारी नागपूरचे पाहुने येऊन राहिले पोरीले पाहाले. त्यायले रस्त्यावरून आपलं घर तरी दिसन का?"

"दिसन ना. हिरवंगार दिसन," मधुकरराव म्हणाले.

"काल त्या हिरव्यागारातून नानेटी निंगाली."

"नानेटी गरीब साप रायते. चावत नाई."

"सोयरेबी गरीबच असतीन, पन त्यायले नानेटी दाखवाची का? रविवारच्या आत साफ करा. नाई त मी यादोरावले सांगतो. थो फवारा मारून मोकळा करून देईन."

बायकोनं दुसरं कोणतंही नाव घेतलं असतं तर चाललं असतं. यादोराव म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी, आणि फवारा म्हणजे तणनाशकाचा. गेल्या वर्षी याच यादोरावांनी आपल्या अंगणात तणनाशक मारलं, त्याच दिवशी पाऊस आला, नालीतून सगळं पाणी मागच्या बोडीत उतरलं आणि दुसऱ्या दिवशी त्या छोट्याशा तलावात मासे उलटे तरंगताना दिसले. मधुकरराव धान खरेदी संस्थेच्या सचिवपदावरून नुकतेच निवृत्त झाले होते. बोलायला विषय नव्हता, तो मिळाला. ग्रामसभेत त्यांनी यादोरावांना उभं केलं आणि बसून घ्या असं म्हणायचं विसरून मासे, बेडूक, पाणकोंबड्या, गांडुळं अशा क्रमानं सगळ्यांच्या वतीनं त्यांना झापलं. यादोराव खाली मान घालून ऐकत राहिले. त्या दिवसापासून ते मधुकररावांशी एक शब्दही बोलले नव्हते.

मधुकरराव मात्र बोलतच राहिले. शाळेत बोलले, महिला बचत गटात बोलले, एकदा तर तेरवीच्या जेवणातही बोलले. अंगणात विष मारू नका, तण हातानं उपटा, अंगणातलं पाणी शेवटी बोडीतच जातं. सिहोरा गावात कुणी तणनाशकाची बाटली पिशवीत घालून चालला तर मधुकररावांचं घर चुकवून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला. आपल्या कुंपणाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं हिरव्या रंगात लिहिलं होतं, 'कंबर वाकवा, बोडी वाचवा!'

आता अडचण अशी होती की मधुकररावांची स्वतःची कंबर वाकत नव्हती. उन्हाळ्यात ती एकदा लचकली होती, तेव्हापासून खाली पडलेला चष्माही ते बायकोला उचलायला सांगत. मजूर लावावा, तर धानाच्या रोवण्याचे दिवस. सगळं गाव पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या घेऊन बांधीतल्या चिखलात उतरलेलं. त्यांनी दोन-चार घरी विचारून पाहिलं. "तुमीच त म्हनता जी, सोताच्या हातानं उपटा," असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी विचारणं सोडलं.

मग ते कृषी केंद्रात गेले. नुसती चौकशी करू, असं मनाशी म्हणत गेले. दुकानदारानं त्यांना पाहताच तणनाशकाच्या बाटल्यांवर पोतं झाकलं.

"या सचिव साहेब! आज कायच्यावर भाषन?"

"भाषण कशाला? मी आपला..." मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं. "भेंडीचं बी पाहिजे होतं."

भेंडीच्या बियांची पुडी खिशात घालून परतताना त्यांना यादोरावांचा गोठा दिसला. दुपारची वेळ होती, माणसं सगळी रोवण्यावर. गोठ्याचं फाटक उघडं होतं आणि आतल्या खुंटीला पाठीवरचा पिवळा फवारणी पंप लटकत होता. याच पिवळ्या पंपाचं नाव घेऊन त्यांनी ग्रामसभा गाजवली होती. मधुकररावांनी तो सहज हलवून पाहिला. आत पाणी डुचमळलं. पंप अर्धा भरलेला होता!

माणूस वाईट नसतो, पंप अर्धा भरलेला असतो. विकत घ्यायचं नाही, मिसळायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. घरी सुलोचनाबाई आणि दामिनी साड्या आणायला बाजारात गेलेल्या. मधुकररावांनी नाकाखाली भरपूर बाम चोळला, कारण विषाचा वास डोक्यात जातो असं त्यांनीच शाळेत सांगितलं होतं. वरून दुपट्टा आवळून बांधला, पंप पाठीवर घेतला आणि स्वतःच्या भिंतीकडे पाठ करून अख्ख्या अंगणावर फवारा मारला. पंप जागच्या जागी नेऊन टांगला, आंघोळ केली, तेव्हा कुठे बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा होईपर्यंत टिकलं.

चहाचा पहिला घोट घेताना त्यांना दिसलं, नालीच्या कडेनं एक पाणकोंबडी चालली होती आणि तिच्यामागे काळ्या कापसाच्या बोंडांसारखी पिल्लं. अंगणातून बोडीकडे जायचा तिचा हा रोजचाच रस्ता होता. मधुकररावांनीच तो शाळेच्या पोरांना दाखवला होता. त्यांनी कप खाली ठेवला. आणि त्याच वेळी बोडीच्या अंगानं ढग भरून आले.

"आता नको रे बाप्पा," ते ढगाला म्हणाले. ढगानं ऐकलं नाही.

सुलोचनाबाई भिजत घरी आल्या, तेव्हा नवरा पावसात उभा राहून रिकाम्या पोत्यांत माती भरत होता आणि ती पोती नालीच्या तोंडाशी रचत होता. लचकलेली कंबर एका हातानं धरलेली होती.

"हे काय करून राहिले?"

"पाणी अडवतो. अडवलं म्हणजे जमिनीत जिरते."

"अवो, पन पाहुने येनार हायेत! आंगन साफ करा म्हनलं त तुमी तलाव बांधून राहिले?"

पाणी जिरलं नाही. बोडीत जायचं ते अडलं, अंगणात तुंबलं, ओसरी चढून आलं आणि तिथं उभ्या असलेल्या स्कूटरच्या नळीत शिरलं. तरीही मधुकररावांनी पोती काढू दिली नाहीत. रात्री जेवताना सुलोचनाबाई काहीतरी सांगत होत्या, जनाबाई, बचत गट, सकाळ, तरोटा. मधुकररावांच्या डोळ्यांपुढे उलटी तरंगणारी पिल्लं होती. ते प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत गेले.

सकाळी त्यांना उशिरा जाग आली. पाणी ओसरलं होतं. ओसरीवर येऊन त्यांनी पाहिलं आणि क्षणभर त्यांना वाटलं की औषध फारच जालीम होतं. अंगणभर माजलेल्या तरोट्याला, म्हणजे टाकळ्याला, शेंडाच नव्हता. सगळीकडे नुसती बोडकी खुंटं.

"हे तरोट्याचं काय झालं?"

"काय झालं म्हंजे?" दामिनी आतून म्हणाली. "रात्री आईनं सांगितलं नाही का? आज तुमसरला रानभाजी महोत्सव हाये. जनाकाकूच्या गटाचा स्टॉल हाये. पहाटेच येऊन सगळे कोवळे शेंडे खुडून नेले त्यांनी. आईही गेली सोबत."

"पण आपलाच तरोटा कशाला? गावभर तरोटा आहे!"

"बाकीच्या जागी औषध मारलेलं असते ना बाबा. तुम्हीच बचत गटात सांगितलं होतं की माझं अंगण तुमचंच समजा. काकूनं तर तुमच्या नावाचं बॅनरही केलं हाये."

तरोट्याची कोवळी भाजी म्हणजे या दिवसांत लोक ताटात दुसरं काही मागत नाहीत. अख्खा तालुका आज ती खाणार होता. बायकोही खाणार होती.

त्यांनी बायकोला फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. जनाबाईंना लावला.

"भाऊजी, लवकर या!" पलीकडून भोंग्याच्या आवाजात जनाबाई ओरडल्या. "तुमचा फोटो लय मस्त आला बॅनरवर! तहसीलदार मॅडम भाजी चाखाले येऊन राहिल्या!"

"जनाबाई, ती भाजी..."

"हो, हो, ठेवतो तुमच्यासाठी!" आणि फोन बंद झाला.

स्कूटर सुरू होईना. लाथा मारल्यावर तिनं नळीतून थोडं पाणी तेवढं काढलं. मधुकरराव तसेच, चिखलाचा पायजमा आणि बनियनवर दामिनीनं फेकलेला सदरा अशा वेषात रस्त्यावर धावत आले आणि एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर दोन कॅनच्या मधोमध बसले. तुमसर येईपर्यंत त्यांनी मनात तीन-चार वेळा कबुली देऊन पाहिली. दरवेळी ती गिळली. लोकांना वाचवायचं, पण नावही वाचवायचं, असा काहीतरी मार्ग निघेल असं त्यांना अजून वाटत होतं. माणूस किती खाली जाऊ शकतो हे त्याला कॅनच्या मधे बसल्यावरही कळत नाही, ते असं.

सभागृहात शिरल्याबरोबर त्यांना आधी स्वतःच दिसले. बॅनरवर, चांगले दाराएवढे, हसताना. शेजारी लिहिलं होतं, 'मधुकररावांच्या बिनविषारी अंगणातला तरोटा.' खाली पातेलं भरून भाजी, वाफाळती, लसणाची फोडणी दिलेली. पातेल्यामागे जनाबाई हातात माईक घेऊन, शेजारी सुलोचनाबाई नव्या साडीत. कोपऱ्यात यादोरावही होते; भाजी आणि बाया त्यांच्याच छोट्या टेम्पोतून आल्या होत्या. त्यांनी मधुकररावांना पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे तोंड फिरवलं.

आणि समोर तहसीलदार मॅडम, हातात द्रोण.

"थांबा!" मधुकरराव ओरडले.

सगळे थांबले.

"ही भाजी... खारट झाली आहे."

जनाबाईंचा चेहरा उतरला. "खारट? भाऊजी, तुमी त अजून चाखलीबी नाई!"

"वासावरून कळते मला. आळणी तरी आहे नाहीतर खारट तरी. मॅडम, तुम्ही ती कुरडूची घ्या, ती चांगली आहे."

"मी घेते ना दोन्ही," मॅडम हसून म्हणाल्या आणि द्रोण तोंडाजवळ नेला.

"मॅडम, त्यात पाल पडली होती!"

मॅडमनी द्रोण झटकन खाली ठेवला. आजूबाजूच्या स्टॉलवरच्या बाया माना उंच करून पाहू लागल्या. जनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर या बायांनी पापड लाटून, लोणची घालून गटाचं नाव कमावलं होतं, आणि भर तालुक्यात त्यांच्या भाजीत पाल निघाली होती.

"पाल?" जनाबाई माईकवरच म्हणाल्या, त्या माईक खाली ठेवायचं विसरल्या होत्या. "माह्या भाजीत पाल? माह्या हातानं निवडली, धुतली, शिजवली मी हे भाजी! हे पाहा, आता मी सोता खातो. सगळ्यायच्या समोर खातो!" त्यांनी हातात मावेल तेवढी भाजी घेतली.

"वैनी, मीबी खातो तुमच्या संग," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की तो आतून बाहेरून वाळला. त्यांनीही द्रोण उचलला.

आता पुढे वाटच उरली नव्हती. मधुकररावांनी झेप घेऊन आधी बायकोचा द्रोण उडवला, मग जनाबाईंचा हात धरला. माईक त्यांच्या तोंडासमोर आला.

"खाऊ नका! पाल नाही पडली! मी खोटं बोललो! मी काल त्या तरोट्यावर तणनाशक मारलं!"

भोंगे चार दिशांना लावलेले होते. चारही दिशांनी मधुकररावांचा आवाज फिरून त्यांच्याच कानांवर आला. ग्रामसभेत ज्या आवाजात ते बोलत, तोच तो आवाज होता. त्यांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं, पण सभागृहाला फरशी होती.

"तुमी?" जनाबाई म्हणाल्या.

"मी. अंगण साफ करायचं होतं, कंबर वाकत नव्हती. लोकांना सांगत फिरलो आणि स्वतः..." सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडमबरोबरचा साहेब पातेलं झाका, पातेलं झाका म्हणून ओरडू लागला. कुणीतरी मोबाईल उंच धरला.

"एक मिनिट," कोपऱ्यातून आवाज आला. वर्षभर मधुकररावांनी तो ऐकला नव्हता. यादोराव पुढे आले. "मधुकरराव, औषध कुठून आनलं जी तुमी? दुकानातून?"

मधुकररावांनी नकारार्थी मान हलवली. लाजेला तळ असतो असं त्यांना मघाशी वाटलं होतं. आता तोही सुटला. "तुमच्या गोठ्यातून. न विचारता. तो पिवळा पंप."

"खुंटीवरचा? अर्धा भरलेला?"

"तोच."

यादोरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत आहेत हे कळायला लोकांना जरा वेळ लागला.

"अवो, त्याच्यात जीवामृत होतं! गाईचं शेन, गोमूत्र, गूळ, बेसन. गाळून भरलं होतं मी, भाजीच्या वाफ्यावर मारासाठी."

"पण तो विषाचा पंप..."

"थो मागंच भंगारात देल्ला. हा नवा हाये. रंग पिवळा, म्हनून काय झालं? गेल्या सालापासून विषाचा थेंब नाई मारला मी. त्या मेलेल्या मासोळ्या मले दिसत होत्या ना जी डोळ्यासमोर." ते मधुकररावांच्या नाकाकडे पाहू लागले. "तुमाले वास नाई आला? गोमूत्राचा?"

"बाम चोळला होता," मधुकरराव पुटपुटले. भोंग्यांनी तेही सगळ्यांना सांगितलं.

"मग वर्षभर कुणाले सांगतलं काहून नाई भाऊ?" जनाबाईंनी विचारलं.

"कसं सांगू? सांगतलं असतं त गाव म्हनलं असतं, मधुकररावाच्या भाषनानं सुधरला." यादोराव गंभीर झाले. "त्याच्यापरीस बदनाम रायलेलं बरं."

सभागृहात हशा पिकला. मॅडमही हसल्या. जनाबाईंनी मात्र आधी डोळे पुसले, मग भाजी किती पाण्यांनी धुतली होती ते माईकवर सविस्तर सांगितलं, कारण आता प्रश्न विषाचा नसला तरी शेणाचा होताच. मॅडमनी द्रोण पुन्हा उचलला, खाल्ला, आणि तरोटा इतका कोवळा कसा, असं यादोरावांना विचारलं. यादोराव लाजत जीवामृताचं माप सांगू लागले. तोवर गटातल्या रेणू नावाच्या बाईनं स्टुलावर चढून बॅनर उलटं करून टांगलं. कोऱ्या बाजूवर तिनं निळ्या खडूनं लिहिलं, 'तरोटा. चांगला हाये.'

परतताना मधुकरराव टेम्पोच्या मागच्या भागात रिकाम्या टोपल्यांमध्ये बसले. पुढं जागा होती, पण त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांनीही मागितली नाही. घरी आल्यावर त्यांनी आधी नालीच्या तोंडाची पोती काढली. बोडीत पाणकोंबडी होती, पिल्लंही होती. सगळी होती की नाही ते त्यांना सांगता आलं नसतं, कारण त्यांनी आजवर ती भाषणातच मोजली होती.

मग ते अंगणात उकिडवे बसले आणि तरोट्याची खुंटं हातानं उपटू लागले. कंबर ओरडली, तेही ओरडले, पण उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ते तेच करत होते. रस्त्यानं जाणारे येणारे भिंतीवरची हिरवी अक्षरं वाचत आणि पलीकडे त्यांचं वाकलेलं डोकं पाहत. पूर्वी ते प्रत्येकाला हाक मारून थांबवत. आता पावलं वाजली की ते मान अजून खाली घालत. कुंपणापलीकडे यादोराव खाटेवर बसलेले असत. एकदा फक्त त्यांनी कुंपणावरून बसायला एक पाट सरकवला.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, मुलगी पाहून झाली, दामिनीनं मुलालाच उलट प्रश्न विचारून झाले. मुलाचे वडील हात धुवायला बाहेर आले आणि अंगण पाहून थबकले. ते बिचारे साधे गृहस्थ. तुमसरच्या प्रकाराचं त्यांच्या कानावर काही आलेलं नव्हतं.

"वा! काय स्वच्छ अंगण ठेवलंय!" ते म्हणाले. "आमच्याकडे प्लॉटवर गवत जाता जात नाही. कोणतं औषध मारलं हो तुम्ही?"

मधुकररावांचे कान तापले. औषध मारलं नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं; पण ते वाक्य उच्चारायचा आपल्याला आता काही हक्क आहे असं त्यांना वाटेना. ते तसेच, तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

"औषध नाई मारलं जी," कुंपणापलीकडून आवाज आला. यादोराव खाटेवरून उठून उभे राहिले होते. "हातानं उपटलं त्यायनं. दोन दिवस कंबर वाकवून. मी सोता पाह्यलं."

"कमाल आहे!" पाहुणे म्हणाले.

मधुकररावांनी यादोरावांकडे पाहायचा प्रयत्न केला, पण त्यांना वर पाहवलं नाही. डोळे भरून आले होते. ग्रामसभेत या माणसाला त्यांनी किती वेळ उभं ठेवलं होतं ते त्यांना आठवलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

यादोरावांनी कुंपणावरून बोट दाखवलं.

"थो तुळशीमागचा एक तरोटा रायला पन, मधुकरराव."

मधुकररावांनी परीटघडीची पँट गुडघ्यांवर ओढून घेतली आणि पाहुण्यांसमोर, हूं की चूं न करता, खाली वाकले.